खव्याचं तिकीट

अण्णांना बसता यायचं नाही. गुडघे धडधाकट होते, कंबरही शाबूत होती, पण चार माणसं समोर आली की हा माणूस उठून उभा राहायचा, पाय जरा फाकवायचा आणि हात वर करून धरायला काहीतरी शोधायचा. समाजमंदिरात बैठक असली तर खिडकीचा गज, कुणाच्या ओसरीवर असली तर खांब, आणि काहीच नसलं तर शेजारच्या माणसाचा खांदा. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेलेला. मी पहिल्यांदा गावात गेले तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर येतीय, आणि मी लगबगीनं खुर्ची पुढं केली. केवढे रागावले!

"मॅडमताई, सीट पाशिंजरला असती," म्हणाले.

नुसतं मॅडम म्हटलं तर मी परकी वाटायचे आणि नुसतं ताई म्हटलं तर माझ्या कंपनीचा मान जायचा, म्हणून त्यांनी माझ्यापुरतं दोन्ही जोडून टाकलं होतं. पुढं सगळं गाव मला मॅडमताई म्हणायला लागलं. मला अजूनही धाराशिवच्या बाजारात कुणीतरी मागून "ओ मॅडमताई" अशी हाक मारतं आणि माझा जीव गोळा होतो.

मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीच्या कामावर होते. मी मूळची धाराशिवचीच, म्हणूनच कंपनीनं मला घेतलं होतं. तेरच्या रस्त्यावरून आत फुटलं की एक गाव लागतं. तिथल्या बायका म्हशीच्या दुधाचा खवा करतात आणि तो पुण्याच्या मिठाईवाल्यांकडं जातो. त्या खव्याचा माग ठेवायचा, तोही ब्लॉकचेनवर, हे माझं काम. कल्पना तशी साधी होती. खव्याच्या डब्यावर एक चौकोनी ठिपक्यांचं स्टिकर चिकटवायचं. डबा भट्टीवरून निघाला की फोनमध्ये नोंद, एसटीत चढला की नोंद, धाराशिवला उतरून थंड गाडीत गेला की नोंद, पुण्यात दुकानात पोचला की नोंद. गिऱ्हाइकानं त्या स्टिकरवर फोन धरला की सगळा प्रवास समोर. कुणाच्या घरचा खवा, कधी आटवला, कधी निघाला. आणि मुख्य म्हणजे एकदा झालेली नोंद कुणालाच खोडता येत नाही. गावाला नाही, दुकानदाराला नाही, आमच्या कंपनीच्या मालकालाही नाही. सणासुदीला भेसळीच्या खव्याची बोंब उठते आणि मग चांगल्या खव्यालाही कुणी हात लावत नाही, त्यावर हा उपाय होता.

एवढं सगळं मी पहिल्या बैठकीत भिंतीवर चित्रं दाखवून सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांना झोप येत होती की हसू, कळायला मार्ग नव्हता. अण्णा त्या बायकांच्या गटाचे सचिव. शिकलेला, रिटायर झालेला आणि कुणाच्या एका रुपयाला हात न लावणारा माणूस म्हणून बायकांनीच त्यांना धरून आणलं होतं. ते गज धरून उभे होते. माझं झाल्यावर म्हणाले, "थांबा. म्या सांगतो. पुढं सरका समद्या."

बायका खरंच पुढं सरकल्या.

"समजा ही गाडी हाय. म्या शेवंताला तेरचं तिकीट फाडलं. पर ते निस्तं शेवंताकडं न्हाय ठिवायचं. गाडीतल्या समद्या बायांना शेवंताच्या तिकिटाची कापी द्यायची. अन शेवंताकडं समद्यांच्या तिकिटाची कापी. आता म्या गुपचूप शेवंताचं तिकीट बदलाया गेलो, तर काय हुईल?"

"समद्या वरडतील की," शेवंता म्हणाली.

"व्हय! समद्या वरडतील! आजून काय पायजे?"

त्यात दोन-चार गोष्टी राहिल्या होत्या, पण मला काही सुधारावंसं वाटलं नाही. बायकांचे पदर खाली आले होते आणि त्या एकमेकींना "बग गं, तुझं तिकीट माझ्याकडं हाय, जपून ऱ्हा" म्हणून चिडवत होत्या. माझं काम अर्ध्या तासात झालं.

आणि माझा छळ सुरू झाला. अण्णा ब्लॉकचेनच्या प्रेमातच पडले. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेल्या माणसाला तिकिटांचा दाखला सांगायचे. लग्नात पंगतीत सांगायचे. एकदा मयतीला जमलेल्या लोकांना सांगायला लागले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. "खोडता येत न्हाय," हे शब्द ते असे म्हणायचे की आपल्याला वाटावं आत्ता जिलबी खाल्लीय यांनी. सगळी नोकरी त्यांनी लोकांची खाडाखोड बघितली होती. "माझ्या नोकरीत माझ्यावर एक शेरा न्हाय," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते गाव रोज ऐकायचं आणि तोंडपाठ असल्यामुळं त्यांच्याबरोबर म्हणायचंही.

खव्याचा डबा त्यांच्या लेखी प्रवासी होता. "डबा बसला का?" "डबा उतरला का?" असंच विचारायचे. नोंद पाठवायची वेळ आली की आधी झाकण दाबून बघायचे, ओलं फडकं नीट गुंडाळलंय का बघायचे, आणि मग बोटानं डब्यावर दोनदा टकटक करायचे. दोन म्हणजे गाडी सोडा. एकदाच टकटक केलं की सगळ्यांनी ओळखायचं, काहीतरी चुकलंय. नोकरीत असतानाही म्हणे गावचा खवा त्यांच्याच गाडीनं जायचा. एकदा उन्हाच्या बाजूला डबा ठेवलेला बघून त्यांनी सावलीच्या सीटवरच्या एका धोतरवाल्या पाव्हण्याला उठवलं होतं. पाव्हणा म्हणाला, मी माणूस आहे. अण्णा म्हणाले, "म्हणून तर. तुमी नासत न्हाय." यावरून पुढं तक्रार झाली का, मी विचारलं. "झाली. पर साहेबांनी खवा खाल्ला अन कागद फाडला," म्हणाले. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

जिल्ह्याच्या नावाचीही एक गंमत आठवते. ॲपमध्ये सुरुवातीला जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, मग पुण्याहून ते धाराशिव झालं. आधीच्या नोंदी मात्र होत्या तशाच राहिल्या. गावात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं होती, आणि कुणीतरी जुन्या नोंदी बदलाव्यात असा सूर लावला. मला वाटलं आता भांडण लागतंय. अण्णा म्हणाले, "येडे का खुळे रे तुमी? कुणी उस्मानाबादचं तिकीट काढलं, कुणी धाराशिवचं काढलं, उतरले समदे एकाच स्टँडवर. पुढं सरका." विषय मिटला.

ॲपमध्ये शेऱ्याचा एक रकाना होता, काही विशेष असेल तरच भरायचा. अण्णांना रोजच काहीतरी विशेष वाटायचं. 'वारं लई, भट्टीला दम लागला.' 'शेवंताची म्हैस रुसली.' 'डबा वेळेवर, गाडी उशिरा, ड्रायव्हर माणूस चांगला.' पुण्याहून मला फोन यायचे की हे काय चाललंय? मी अण्णांना सांगायचे, जरुरीपुरतंच लिहा. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी लिहायचे, 'आज विशेष न्हाय.'

हसून हसून मुरकुंडी वळायची आमची. मग ते कलाकाकूंचं झालं.

त्यासाठी आधी सावडीचं सांगायला हवं. आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या, ही सावड सगळ्यांनाच माहीत असते. या गावात दुधाचीही सावड होती. घरटी एक म्हैस, फार तर दोन. एका म्हशीच्या दुधाचा खवा तो किती होणार? तेवढ्यासाठी भट्टी पेटवायची, कढईपाशी उलथणं फिरवत उभं राहायचं, सरपण जाळायचं, हे परवडत नाही. म्हणून वीसेक घरांनी बाऱ्या लावून घेतल्या होत्या. आज सगळ्यांचं दूध एकीच्या भट्टीवर. खवा तिचा, त्याचे पैसे तिचे. उद्या दुसरीची बारी. सगळं तोंडी, पण त्यात कधी कुणाचं वाजलं नाही.

आमच्या ॲपमध्ये 'खवा कुणाचा' या रकान्यात एकच नाव बसायचं. बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, कुणाचं टाकायचं? अण्णांनी ताबडतोब निकाल दिला. "जिची बारी, तिचं नाव. दुसरं टाकलं तर खोटं हुईल." गावाच्या रीतीनं ते अगदी खरंच होतं. बारीच्या दिवशी खवा तिचाच असायचा.

कलाकाकू एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक म्हैस, एक घर, आणि बोलणं अगदी मोजकं. कुणापुढं हात पसरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, कुणी काही दिलं तर उलट त्यांनाच राग यायचा. म्हणून गावातल्या बायकांनी एक युक्ती केली होती. कलाकाकूंची बारी आली की प्रत्येकजणी आपल्या चरवीत लोटाभर दूध जादा घालून आणायची. हे कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. काकूंना ते कळत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. लग्नसराईत, खव्याला मागणी असताना, बायका दोन-दोन लोटे जादा आणायच्या.

बाकीच्यांच्या बारीचा आकडा रोज सारखाच, त्याची नोंदी तपासणाऱ्या आमच्या पुण्यातल्या यंत्राला सवय झाली होती; काकूंच्या बारीला त्याला दिसलं ते एवढंच: ह्या बाईच्या नावावर एक म्हातारी म्हैस, आणि एका दिवसात एवढा खवा! एवढं दूध आलं कुठून? त्यानं कुणाला न विचारता आपणहून नोंदीत लाल अक्षरात ओळ टाकली, 'भेसळीचा संशय', आणि पुढं काकूंचं पूर्ण नाव.

हे मला ऑफिसातून कळायच्या आधी गावाला कळलं. काकूंची भाची पुण्यात दिलेली. तिला मावशीचा कोण अभिमान! सासूला घेऊन ती मुद्दाम त्या मिठाईच्या दुकानात गेली, खव्याच्या डब्यावर फोन धरला आणि म्हणाली, बघा, माझ्या मावशीचं नाव येतंय. नाव आलं. सासूनं वाचलं. बिचारी दुकानातून रडत बाहेर आली आणि तिनं थेट मावशीलाच फोन लावला. संध्याकाळपर्यंत दुकानदारानं सगळ्या गावाचे डबे परत पाठवायची भाषा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दूध घेऊन आल्या नाहीत. मी आणि अण्णा त्यांच्या घरी गेलो. भट्टी सारवून, वर कढई पालथी घालून त्या उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या.

"म्या पुणं बगितलं न्हाय कदी," त्या म्हणाल्या. "अन पुण्यानं मला चोर ठरिवलं. लाल अक्षरात हाय म्हणं माझं नाव."

"वैनी, ते मशीनीचं हाय. आमी काढाया लावतो," अण्णा म्हणाले. काकूंचा नवरा त्यांचा दोस्त, म्हणून वैनी.

"कसं काढताव? तुमीच तर सांगत हिंडताव, खोडता येत न्हाय म्हणून."

अण्णा चौकट धरून उभे होते, ती धरूनच राहिले.

"माझी बारी धरू नका आता," काकू म्हणाल्या. "माझं दूध बी घालू नका कुणाच्यात. माझ्यापायी समद्यांचा खवा माघारी याया नको. म्या एकटी हाय, मला काय लागतंय?" आणि मग एकदम आवाज बदलला त्यांचा. "पर अण्णा, नाव तेवढं होतं ओ माझ्याकडं. दुसरं काय होतं?"

बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "मॅडमताई, काढा ते."

"अण्णा, माझ्या हातात नाही."

"वर कुणाच्या असंल."

"कुणाच्याच नाही. तुम्हाला माहीत आहे."

नको इतकं माहीत असल्यासारखे ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जिची बारी तिचं नाव, हे कुणी सांगितलं व्हतं?" मी म्हटलं, रकानाच एक होता, पुण्यानं फॉर्म करताना सावडीचा विचारच केला नाही, यात तुमचा काय दोष? पण ते ऐकतच नव्हते. त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी काही लिहिलं नाही. पुण्याहून कुणाचा फोन आला नाही, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारच दिवसांत आम्ही तिघं पुण्याला निघालो. काकू यायला तयार नव्हत्या. अण्णांनी त्यांना सांगितलं, "ज्याचं तिकीट चुकलंय त्यानं डेपोत स्वतः यावं लागतंय." असा काही नियम नव्हता, पण काकू आल्या. बरोबर खव्याचा एक डबा घेतला. प्रवासात अण्णा कंडक्टरला मदत करत होते. सुट्टे दे, थैली वर ठेव, बाई उतरायचीय, थांब. तो बिचारा तरुण कंडक्टर आधी वैतागला, मग त्यानं आपली सीट अण्णांना देऊ केली. अण्णा बसले नाहीत. पुण्यापर्यंत उभे आले! काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि मांडीवरचा डबा त्यांनी एकदाही खाली ठेवला नाही.

आमचे साहेब स्वभावानं खरंच चांगले होते. त्यांनी काकूंना आधी पाणी दिलं. काकूंनी पाण्याला हात न लावता डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "खाऊन सांगा."

साहेब म्हणाले, "काकू, खव्याची तपासणी झालीय. एकदम शुद्ध आहे. चूक आमच्या सिस्टीमची आहे. फॉर्ममध्ये एकच नाव बसत होतं, आता आम्ही सावडीसाठी सगळ्या घरांची नावं टाकायची सोय करतोय. आणि त्या ओळीखाली लिहितोय की तपासणीत निर्दोष."

"अन लाल ओळ?" अण्णांनी विचारलं.

"ती राहणार. बघा, चांगल्या माणसासाठी खोडता आली असती तर वाईट माणसासाठीही आली असती. मग ह्या सगळ्यावर कुणी भरवसा ठेवला असता?"

मला वाटलं अण्णा आता भडकणार. पण त्यांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले. "म्या बी असंच सांगितलं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "खाली निर्दोष ल्हिताव. पर चूक कुणाची, तिथं काय ल्हिनार?"

"सिस्टीमची त्रुटी."

"सिस्टीम कुठं ऱ्हाती?"

साहेब हसले. अण्णा हसले नाहीत.

"तसं न्हाय साहेब. सिस्टीमला नाव न्हाय, गाव न्हाय. नाव नसलेली चूक फिरून ह्या बाईच्याच दारात येऊन बसती. वाचणारा म्हणंल, बाईनंच काय तरी केलं असंल, मिटवलं असंल. माणसाची चूक ल्हिली की माणूस दिसतो. माझं नाव टाका. म्या सांगितलं, जिची बारी तिचं नाव. गटाचा सचिव, रिटायर कंडक्टर, गाव अमुक. ह्याच्या सांगण्यावरून चुकीची नोंद झाली, बाईचा संबंध न्हाय."

"अण्णा, हे कायम राहील," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या नावावर. पुन्हा आम्हालाही काढता येणार नाही."

"म्हणून तर पुण्याला आलाव."

तेव्हा काकू पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "अण्णा, येडेपणा करू नका. उभ्या नोकरीत एक शेरा न्हाय म्हणून गावभर सांगताव न्हवं?"

"नोकरीत न्हायच की वैनी," अण्णा म्हणाले. "हे नोकरीनंतरचं हाय."

मला तिथं रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. साहेबांनी अण्णांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द, लिहिलं. पाठवायच्या आधी त्यांनी वर बघितलं. अण्णांनी टेबलावर बोटानं दोनदा टकटक केली.

दुकानदार पुन्हा गावचे डबे घ्यायला तयार झाला. काकूंची भट्टी पुन्हा पेटली. नव्या फॉर्ममध्ये कुठल्या घरचं किती दूध ते लिहायची सोय झाली, आणि लगेच नवीन पंचाईत उभी राहिली! काकूंच्या बारीला कुणीच आपला आकडा सांगेना. शेवंता म्हणाली, "मॅडमताई, म्या लोटाभर जादा घातला हे पुण्याला कळायचं, मग काकूला कळायचं. दिलेलं असं सांगत असत्यात का?" तंत्राचं म्हणणं असं की जास्तीत जास्त दिसलं पाहिजे, आणि बायका असं म्हणत होत्या की काही गोष्टी दिसू नयेत. पुण्याला हे पटवता पटवता माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी त्या एका दिवसापुरतं 'सर्व घरांचं मिळून' असं लिहायची मुभा मिळाली. अण्णा त्या दिवशी खूश होते. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'आज सर्व विशेष.'

पुढं कंपनीचं लक्ष द्राक्षांकडं वळलं. खव्याच्या कामाचा निधी संपला, स्टिकरं संपली, आणि मलाही धाराशिवला दुसरी नोकरी लागली. गावची सावड तशीच चालू राहिली, खवाही एसटीनं जात राहिला. फक्त डब्यांवर स्टिकर उरलं नाही. मधूनमधून अण्णांचा फोन यायचा. "मॅडमताई, ते आपलं हाय न्हवं अजून तितं?" आहे म्हटलं की ठेवून द्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. मला उशिरा कळलं. मी गेले तोवर दिवस होऊन गेले होते. त्यांच्या घरी बसले, सूनबाईशी बोलले, आणि परत निघताना कलाकाकूंकडं डोकावले. दुपारची वेळ होती. त्यांनी मला आत बोलावलं, चहा टाकला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"एक काम हाय तुझ्याकडं," म्हणाल्या. "तुझ्या फोनात ते हाय का अजून? पुण्याचं?"

होतं. गटाचं खातं कुणी बंद केलं नव्हतं. मी उघडून दाखवलं. ती लाल ओळ, खाली 'तपासणीत निर्दोष', आणि त्याखाली अण्णांचं नाव, गाव, हुद्दा, चूक.

"ती त्यांची ओळ काढ आता," काकू म्हणाल्या. "माणूस गेला. माझी लाल ऱ्हाऊ दे. म्या जिती हाय, कुणी इचारलं तर सांगीन. त्यांच्या वतीनं कोण सांगणार?"

"काकू, ती निघत नाही."

"व्हय. ठाऊक हाय." चहा उतू जायला लागला, तो त्यांनी उतरवला, गाळला, आणि कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "पर खाली अजून ल्हिता येतंय न्हवं?"

"येतं."

"मंग ल्ही. अण्णांची चूक न्हवती. माझं नाव ऱ्हावं म्हणून त्यांनी आपल्या नावावर घेतली. माणूस लई मोठा व्हता." पदरानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "बसलं का एवढं?"

"बसलं काकू. पण ही नोंद कुणी केली तेही टाकावं लागतं, आणि तेही कायम राहतं. कुणाचं नाव टाकू? गटाचं टाकू का?"

"गटाचं कशाला?" त्या म्हणाल्या. "माझं टाक. पुरं नाव टाक."